पिंजऱ्यातील वानर आणि त्याच्या पोटातील अरण्य

प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास शत्रूचे भय नसते, उपासमार नसते, आणि वैद्य तर हाकेच्या अंतरावर असतो. असे असूनही पाने खाऊन जगणाऱ्या वानरांच्या कित्येक जाती पिंजऱ्यात तग धरत नाहीत. त्यांना वारंवार हगवण लागते, पोट फुगते, वजन उतरते. पोटाच्या विकारांनी त्यांचा अकाली अंत होतो. निगा राखणारे निष्काळजी असतात असे नव्हे. मग उणे काय पडते? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचा शोध एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे वानरांच्या विष्ठेत, घेतला गेला. त्या शोधाची हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण असे की, तिचा एक धागा आपल्या ताटापर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. मनुष्याच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आहेत आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, असा एक मान्य अंदाज आहे. यांतील बहुतेक सर्व जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. त्यांना रोगजंतू समजणे ही चूक होईल. वनस्पतींतील जो चोथा पचवण्याचे सामर्थ्य आपल्या शरीरात नाही, तो हे जिवाणू आंबवतात व त्यापासून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी लहान मेदाम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी यांतील ब्युटिरेटवर प्रामुख्याने आपली उपजीविका करतात. थोडक्यात, आपण चोथा खातो तो या पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे त्याचे भाडे चुकते करतात.

पर्णाहारी वानरांत हा व्यवहार फारच पुढे गेला आहे. व्हिएतनाम व लाओसच्या अरण्यांत 'डूक' नावाचे वानर राहते. राखाडी अंग, तांबूस तपकिरी पोटऱ्या, पांढरे हात आणि सोनेरी चेहरा असे त्याचे रूप आहे. आज ही जात नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. या कुळातील वानरांचे जठर अनेक कप्प्यांचे असते. ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही; कोठीपोटात जे घडते तेच जवळपास येथे घडते. पाने आधी जिवाणूंच्या हवाली होतात, ते ती कुजवतात, पानांतील काही विषारी द्रव्येही निष्प्रभ करतात, आणि मग उरलेले वानराच्या वाट्याला येते. गाईने धान्याच्या पोत्यात तोंड घातले तर कोठीपोटात आम्ल वाढून ती आजारी पडते, हे आपल्या शेतकरी पालकांना अनुभवाने ठाऊक आहे. पर्णाहारी वानरास गोड फळे व पिठूळ पदार्थ अतोनात दिले तर त्याचीही गत तीच होते.

मिनेसोटा विद्यापीठातील जोनाथन क्लेटन, डॅन नाइट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या डूक वानरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी डूकचे तीन गट पाहिले. पहिला गट व्हिएतनामच्या सोन ट्रा अरण्यात मुक्त राहणारा. दुसरा त्याच देशातील कुक फुओंग राष्ट्रीय उद्यानातील बचाव केंद्रात, स्थानिक झाडांचा पाला खाऊन राहणारा. तिसरा फिलाडेल्फिया व सिंगापूर येथील प्राणिसंग्रहालयांतला. जोडीला मध्य अमेरिकेतील हाउलर वानरांचेही मुक्त आणि बंदिस्त गट तपासले. विष्ठेतील जनुकीय द्रव्यावरून कोणते जिवाणू किती आहेत ते मोजता येते, तसेच हरितलवकांच्या अंशावरून किती पाला खाल्ला गेला हेही ताडता येते.

निष्कर्ष विलक्षण होता. अरण्यात जिवाणूंची विविधता सर्वाधिक, प्राणिसंग्रहालयात सर्वांत कमी, आणि बचाव केंद्रातील वानर या दोहोंच्या मध्ये. एवढ्यावर भागले असते तर ती केवळ हानीची नोंद ठरली असती. पण रिकाम्या झालेल्या जागा कोणी घेतल्या? प्रिव्होटेला व बॅक्टेरॉइड्स या दोन गणांनी. आणि आधुनिक मनुष्याच्या आतड्यातील प्रमुख रहिवासी नेमके हेच आहेत. आशियातील डूक आणि अमेरिकेतील हाउलर यांची कुळे वेगळी, खंड वेगळे. तरी बंदिवासात त्यांची आतडी एकमेकांसारखी व दोघांचीही माणसासारखी होत गेली. वानराचा माणूस व्हायला लाखो वर्षे लागली असे आपण शिकवतो. त्याच्या आतड्यापुरता हा प्रवास एका पिंजऱ्यात पुरा होतो! औषधे किंवा स्थलांतर यांपेक्षा आहारातील पाल्याची व चोथ्याची उणीव हेच यामागील मुख्य कारण असावे, असा अभ्यासकांचा अभिप्राय आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रिव्होटेला वाईट आणि अरण्यातले जिवाणू चांगले, अशी विभागणी करू नये. माणसांत प्रिव्होटेला सहसा धान्य-भाजीपाला भरपूर खाणाऱ्या ग्रामीण लोकांत आढळतो, आणि बॅक्टेरॉइड्स पाश्चात्त्य शहरी आहार घेणाऱ्यांत. नाइट्स यांच्याच गटाने २०१८ मध्ये थायलंडमधून मिनेसोटात गेलेल्या ह्मोंग व करेन समाजांतील पाचशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा हा बदल डोळ्यांदेखत दिसला. परदेशी पाऊल ठेवल्यापासून काही महिन्यांतच विविधता घटू लागली, प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्स घेऊ लागले, आणि वनस्पतींतील काही तंतू पचवणारी विकरेही नाहीशी होऊ लागली. तेथे जन्मलेल्या पुढच्या पिढीत तर विविधता आणखी घटलेली होती. शिक्षण व नोकरीनिमित्त दूरदेशी गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, एवढीच विनंती.

चोथा मिळाला नाही तर जिवाणू उपाशी मरतात, आणि काही जिवाणू मरण्याऐवजी दुसरे अन्न शोधतात. आतड्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचा एक थर असतो. तो रोगजंतूंना आतल्या पेशींपासून दूर ठेवतो. माणसाचे जिवाणू वसवलेल्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, चोथा बंद करताच काही जिवाणू हा थरच कुरतडू लागले, आणि मग रोगजंतूंना वाट मोकळी झाली. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, ते जसेच्या तसे वानरांस लागू करता येत नाहीत. तरीही पिंजऱ्यातल्या वानरांच्या पोटदुखीकडे पाहण्याची एक दिशा त्यांतून मिळते.

आहार बदलला तर काय होते, याचे आम्हांस आवडलेले उदाहरण गोरिलांचे आहे. उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नर गोरिलांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदयविकार हे आहे. तेथे त्यांना वर्षानुवर्षे जीवनसत्त्वे घातलेली पौष्टिक बिस्किटे दिली जात. क्लीव्हलंड येथील प्राणिसंग्रहालयाने ती बंद करून दोन नर गोरिलांना पालेभाज्या, घेवड्याच्या शेंगा, लसूणघास, कोवळ्या फांद्या असा आहार सुरू केला, आणि २०११ मध्ये त्याचे फलित सांगितले. गोरिला पूर्वीच्या दुप्पट उष्मांक खात होते, तरी प्रत्येकाचे वजन सुमारे ३० किलोंनी उतरले! खाल्लेले ओकून पुन्हा खाण्याची पिंजऱ्यातली किळसवाणी सवयही सुटली. दिवसाचा मोठा भाग पाने सोलण्यात व चघळण्यात जाऊ लागला, हाही लाभ लहान नव्हे. रिकामपण हा बंदिवासातला वेगळाच आजार आहे. (वसतिगृहाच्या भोजनगृहात पालेभाजी ताटाच्या कडेला सारणाऱ्या बालमित्रांना ही गोष्ट अवश्य सांगावी.)

केळे हे माकडाचे नैसर्गिक खाद्य, अशी आपली बालपणापासूनची समजूत आहे. इंग्लंडमधील पेंटन येथील प्राणिसंग्रहालयाने मात्र आपल्या माकडांची केळी बंद केल्याचे २०१४ च्या आरंभी सांगितले. माणसाने निवडून वाढवलेले केळे अरण्यातील फळांहून कितीतरी गोड व कमी चोथ्याचे असते. त्याने दात किडतात, मधुमेहाची भीती वाढते. आपल्याकडील काळतोंड्या, लांब शेपटीचे वानर हे डूकच्याच उपकुळातले, कप्प्यांच्या जठराचे आहे. गडांवर आणि तीर्थस्थानी आपण भूतदयेने त्याच्यापुढे केळी, पाव आणि बिस्किटांचे पुडे धरतो. ते बंदिस्त नाही, पाला खायला मोकळे आहे, म्हणून निभावते. पण आपली दया आणि त्याचे हित या दोन गोष्टी येथे एक नाहीत, हे आम्हांस स्पष्ट सांगावेसे वाटते.

आता या विषयातील सर्वांत गंभीर भाग. स्टॅनफर्ड विद्यापीठात, माणसाचे जिवाणू वसवलेल्या उंदरांना चार पिढ्या चोथारहित आहार दिला गेला. पहिल्या पिढीत बरेच जिवाणू घटले, पण चोथा पुन्हा देताच त्यांतले पुष्कळ परतले. प्रत्येक पिढीगणिक परतणाऱ्यांची संख्या कमी होत गेली. चौथ्या पिढीस कितीही चोथा दिला तरी हरवलेले परत येईनात. जे आईकडेच उरले नव्हते ते पिलाला मिळणार कोठून? चोथ्याबरोबर ते जिवाणूही बाहेरून पोटात सोडले तेव्हाच ती विविधता पुन्हा नांदू लागली. हा निष्कर्षही २०१६ सालचाच. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या, तेथेच वाढलेल्या माता-पित्यांच्या पिलास उद्या अरण्यात सोडायचे ठरले, तर त्याला झाडावर चढता येते की नाही एवढे पाहून भागणार नाही. तेथला पाला पचवणारे सोबती त्याच्या पोटात आहेत काय, हेही पाहावे लागेल.

कुक फुओंगचे बचाव केंद्र १९९३ मध्ये सुरू झाले, तेव्हा यातले बरेचसे शास्त्र अद्याप लिहिले जायचे होते. तेथील सेवक ताजा डहाळा तोडून आणतात, आणि तो रोज वानरांना घालतात. जवळच अरण्याचाच काही भाग कुंपणाने वेढून तेथे वानरांना स्वतः पाने शोधू दिली जातात. याच केंद्रातील देलाकूर जातीची तीन वानरे, जणू पांढरी अर्धी विजार घातलेली, २०११ मध्ये व्हान लाँग येथील चुनखडीच्या डोंगरांत मुक्त करण्यात आली.