खानदेशच्या उन्हात टिकणारी गाय : रक्ताचा हिशेब

(ऊस विकास विभागाकडून)



उसाचा प्लॉट पाहायला गेलं की हल्ली सभासद आधी गोठ्याकडे नेतात. प्रश्न बहुधा एकच असतो. "साहेब, पंधरा लिटरची म्हणून गाय आणली. वैशाख लागला अन् निम्म्यावर आली. तीनदा भरवली, तीनदा उलटली. आता काय करावं?"

ऊसवाल्या माणसाने गाईवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण उसाचा अन् गाईचा संबंध आपल्याकडे जुना आहे. शेणखत गाईचे, वाढे उसाचे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, पण घरातले मीठ-मिरची अन् पोरांच्या वह्या-पुस्तकं दुधाच्या पैशावर चालतात. कर्ज काढून आणलेली गाय उन्हाने बसली तर त्याचा भार शेवटी उसाच्या बिलावरच पडतो. म्हणून हा विषय आपल्या पत्रिकेत घेतला आहे.

गाय बसते तेव्हा आपण बहुतेक वेळा पेंडीला, डॉक्टरला नाहीतर नशिबाला दोष देतो. दहा-बारा वर्षे त्या गोठ्यात कोणते रक्त भरत गेलो, हे मात्र कोणी पाहत नाही. आजचा धडा त्याचाच आहे.

१. उसाने शिकवलेली गोष्ट

कोईमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे डॉ. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ पण नाजूक उसाचा संकर चक्क रानटी कासाशी केला. कास म्हणजे नदीकाठी पांढरे तुरे येणारे गवत. त्यात साखर नावापुरती. पण मुळे खोल, पाण्याचा ताण सोसणारी, रोगाला सहसा दाद न देणारी. त्या संकरातून निघालेला को. २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबसाठी दिला गेला. पुढे साखर वाढावी म्हणून जाड उसाचे रक्त पुन्हा पुन्हा घातले, पण कासाचा काटकपणा पार धुऊन जाणार नाही याची काळजी घेतली. आज आपल्या शेतात उभ्या असलेल्या को. ८६०३२ मध्येही कासाचा अंश आहे.

गाईचे गणित असेच आहे. होल्स्टीन म्हणजे जाड ऊस आणि देशी गाय म्हणजे कास. पहिलीत दूध, दुसरीत तग. दोन्ही हवेत, पण मोजून.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. ऊस आपण टिपरी लावून वाढवतो. चांगला वाण एकदा सापडला की हजार एकरांवर तोच ऊस उभा राहतो. गाईला टिपरी नाही. प्रत्येक वासराला निम्मे रक्त आईचे, निम्मे बापाचे, आणि दर वेळी वाटणी नवी. म्हणून गोठ्यातला 'वाण' दर पिढीला जपावा लागतो. एका वेळेला चुकीची कांडी भरली की तिचा परिणाम पुढच्या वेतांत अन् पुढच्या कालवडीत दिसतो.

२. ऊन गाईला काय करते ?

निरोगी गाईच्या अंगाचे तापमान साधारण साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. चैत्र-वैशाखात पारोळ्याकडची हवा चाळिशीच्या वर जाते. हवाच अंगापेक्षा गरम झाली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम आणि धाप हे दोनच मार्ग उरतात. त्यात जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, आणि खाल्लेले पचवताना तिच्या पोटात मोठी भट्टी पेटलेली असते. मग गाय स्वतःच खाणे कमी करते, आणि दूध उतरते. माज दबतो, मुका जातो. भरवली तरी पहिल्या काही दिवसांत गर्भ उष्णतेने टिकत नाही, म्हणून गाय उलटते.

हा ताण मोजण्याची रीत आहे. साधा तापमापक आणि फुग्यावर ओले फडके गुंडाळलेला तापमापक, दोन्हींचे अंश मिळवा, ०.७२ ने गुणा, त्यात ४०.६ मिळवा. हिवाळ्यात साधा २४ आणि ओला १८ असेल तर उत्तर सुमारे ७१ येते. उन्हाळ्यात साधा ४२ आणि ओला २३ असेल तर ८७ च्या पुढे जाते. होल्स्टीन गाईचा त्रास ७२ पासून सुरू होतो असे मानतात. म्हणजे आपल्याकडची ही गाय उन्हाळाभर तापात उभी असते, असेच म्हणा ना.

देशी गाईची कातडी सैल, केस आखूड अन् चकचकीत, घामाच्या ग्रंथी जास्त. तिच्या अंगात उष्णता तयारही कमी होते. ती दूध कमी देते, हे त्याचे एक कारण आहे, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून 'सगळ्या गाई काढा, देशीच ठेवा' असा सरसकट सल्ला देता येत नाही.

३. आपले रक्त परदेशी कामाला आले

अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि ब्राझीलमध्ये युरोपी गाई उष्णतेने अन् गोचिडांनी खंगत. तेव्हा तिकडच्या लोकांनी आपल्याकडून गीर, कांकरेज, ओंगोल ही जनावरे नेली. अमेरिकेतली 'ब्राह्मन' जात यांच्यापासूनच तयार झाली, आणि तिच्यात आपल्या सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या गाईचेही रक्त आहे. ब्राझीलमधल्या मांसासाठी पाळलेल्या गुरांत आज आपल्या ओंगोलचा वंश सर्वांत मोठा आहे. ते तिला 'नेलोर' म्हणतात.

त्यांचा हेतू मांसाचा, आपला दूध, बैल आणि शेणखताचा. हेतू निराळा, पण ऊन सोसणारे रक्त किती ठेवायचे हा प्रश्न तोच. उत्तरे पाहा. टेक्सासच्या किंग रँचवर मांसासाठी 'सांता गर्ट्रूडिस' जात तयार केली, तिला १९४० मध्ये मान्यता मिळाली. तीत आठ आण्यांपैकी पाच आणे शॉर्टहॉर्न आणि तीन आणे ब्राह्मन. ब्राझीलने दुधासाठी 'गिरोलांडो' केली, तीत पाच आणे होल्स्टीन आणि तीन आणे गीर. आपल्या लष्करी फार्मांवर 'फ्रिजवाल' तयार झाली, तीत पाच आणे होल्स्टीन आणि तीन आणे साहिवाल. देश तीन, कामे निराळी, पण उष्ण हवेसाठी जुळवलेला आकडा एकच. पाच आणे म्हणजे साडेबासष्ट टक्के.

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' काढली. तीत निम्मे होल्स्टीन, पाव जर्सी आणि पाव गीर. विदेशी रक्त एकूण ७५ टक्के झाले, पण त्यातला पाव हिस्सा जर्सीचा आहे. जर्सी अंगाने लहान आणि होल्स्टीनपेक्षा उन्हाला बरी. तरीही त्रिवेणीला सावली, पाणी आणि हिरवा चारा बारमाही लागतो.

४. हिशेब कसा करावा ?

अगदी सोपा आहे. बापाचे रक्त अधिक आईचे रक्त, भागिले दोन.

गावठी गाय आणि शुद्ध होल्स्टीनची कांडी : वासरू ५० टक्के.
५० टक्क्यांची गाय आणि पुन्हा शुद्ध होल्स्टीन : ७५ टक्के.
७५ टक्क्यांची गाय आणि पुन्हा शुद्ध होल्स्टीन : साडेसत्त्याऐंशी टक्के.

घात होतो तो इथेच. पहिली संकरित कालवड घरच्या गाईपेक्षा कितीतरी जास्त दूध देते. तिच्यात संकराचे पूर्ण तेज असते. आपण म्हणतो, औषध लागू पडले, आणखी दोन घोट घ्यावे. तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे दहा वर्षांच्या आत-बाहेर, गोठ्यात जवळजवळ शुद्ध होल्स्टीन उभी राहते अन् डोक्यावर खानदेशचे ऊन.

आता परतीची वाट पाहा.

७५ टक्क्यांची गाय आणि ५० टक्क्यांच्या संकरित वळूची कांडी : साडेबासष्ट टक्के.
साडेसत्त्याऐंशी टक्क्यांची गाय आणि गीरची कांडी : पावणेचव्वेचाळीस टक्के.
५० टक्क्यांची गाय आणि ५० टक्क्यांचा निवडक संकरित वळू : ५० टक्केच राहते, पण संकराचे तेज निम्मे होते. म्हणून तिथे वळूची निवड अधिक काटेकोर हवी.

५. कोणत्या गोठ्याला काय ?

(अ) बारमाही पाणी, घास-गजराज, पत्र्याखाली गवताचे छप्पर आणि घरात लक्ष देणारे माणूस असेल तर ५० ते साडेबासष्ट टक्क्यांच्या आत राहावे. ७५ च्या वर जाऊ नये.

(आ) बोरीचे पाणी माघानंतर भरवशाचे नाही, उन्हाळ्यात कडब्यावर भागवावे लागते, अशा गोठ्यात ५० टक्के पुरे. त्यातही होल्स्टीनऐवजी जर्सीचा विचार करावा, किंवा सरळ गीर ठेवावी.

(इ) घरी बैलजोडीची गरज आहे त्यांनी एक-दोन गाई शुद्ध राखाव्यात. तापीकाठची ठेलारी लोकांनी जपलेली खिल्लार आणि शेजारच्या निमाड भागातली तांबडी-पांढरी निमाडी, दोन्ही आपल्या हवेतल्या. संकरित गोऱ्हा भर उन्हात औताला लवकर धापतो. त्यातून २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. काम न करणारा गोऱ्हा दावणीला जन्मभर खातो. हा खर्च धरूनच रक्त निवडावे. फक्त दूधच हवे असेल तर कालवडीच होणारी, लिंगनिवड केलेली कांडी मिळते. तिने दहापैकी सुमारे नऊ वासरे मादी होतात.

गावात मोकळा फिरणारा संकरित वळू मात्र कोणत्याच गोठ्याच्या उपयोगाचा नाही. त्याच्या आईचे दूध कोणी मोजलेले नसते. त्याचे खच्चीकरण करून घ्यावे. चांगला वळू राखला असेल तरी अडीच-तीन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो अन् पुढची पिढी खुरटते.

६. आपल्याच गोठ्यात निवड

बियाणे बाहेरून आणले म्हणजे काम संपले असे नाही. ब्राझीलने आपलीच गीर नेली आणि तिचे दूध वाढवले. १९८५ पासून तेथे वळूची परीक्षा त्याच्या लेकींच्या दुधावरून नियमाने होते. त्यामागे वही आणि पेन्सिल आहे, जादू काही नाही. आपल्यालाही तेवढे जमेल.

वैशाखात एका दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सगळ्या गाई एकाच सावलीत बांधा. घड्याळ हातात घेऊन प्रत्येकीची कूस मिनिटात किती वेळा हलते ते मोजा. कोणी पन्नासवर असेल, कोणी नव्वदवर. साठीच्या वर ताण सुरू झाला असे समजावे. असे दोन-तीन दिवस मोजून लिहून ठेवा. फाल्गुनातले दूध आणि वैशाखातले दूध शेजारी लिहा. जिची धाप कमी, दूध थोडेच उतरले आणि जी दोन भरवण्यांत गाभण राहिली, ती तुमच्या गोठ्याची आई. तिच्या कालवडी विकू नका. वीस लिटरची पण दर उन्हाळ्याला उलटणारी गाय आणि बारा लिटरची पण दरवर्षी विणारी गाय यांचा पाच वर्षांचा हिशेब मांडा, मग ठरवा.

वहीत प्रत्येक गाईला एक पान द्यावे. त्यावर एवढे असावे : कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, आई कोण, बापाचा वळू नंबर, रक्ताचे प्रमाण, भरवल्याची तारीख, कांडीवर छापलेला वळू नंबर व जात, व्याल्याची तारीख, आणि महिन्यातून एकदा मोजलेले दोन्ही वेळचे दूध. कांडी भरायला येणाऱ्याला आधी वळू नंबर विचारावा. उसाचे बेणे घेताना आपण प्लॉट पाहतो, वय विचारतो, मग कांडी न पाहता का भरावी? आणि वळू निवडताना नुसते त्याच्या आईचे दूध पाहू नये. लेकींचा हिशेब उपलब्ध असेल तर तो आधी पाहावा.

७. रक्त सुधारेपर्यंत

नवे रक्त गोठ्यात यायला तीन वर्षे लागतात. तोवर आहे ती गाय सांभाळली पाहिजे. छपरावर पाचटाचा जाड थर टाका. पाणी दिवसभर समोर ठेवा, तेही सावलीत. चारा पहाटे आणि रात्री जास्त घाला, दुपारी कमी. शक्य तेवढ्या गाई थंडीत भरवून घ्या. नुसते वाढे खाऊ घालू नका. त्यातले ऑक्झॅलेट अंगातला चुना बांधून ठेवते. वाढ्यांची कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत घास किंवा इतर द्विदल चारा आणि खनिज मिश्रण द्यावे.

थोडक्यात सांगायचे तर, आपल्या पाण्याचा, चाऱ्याचा आणि उन्हाचा अंदाज आधी घ्यावा, रक्ताचा आकडा मग ठरवावा, आणि कांडी सगळ्यात शेवटी मागावी. पुढच्या वेळी ऊस नोंदीला गट कार्यालयात याल तेव्हा गाईची वहीही घेऊन या. तुमच्या गाईचे रक्त किती आणि पुढची कांडी कोणती, हा हिशेब दोघे मिळून मांडू.

आपला,
ऊस विकास अधिकारी