काचेच्या पेटीतील अदृश्य वस्ती

काचेच्या पेटीत संथपणे विहरणारे रंगीबेरंगी मासे पाहिले म्हणजे कोणाचे मन प्रसन्न होत नाही? मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या मुलांनी तेथील काचांना नाक लावून मासे पाहिले. बदलापूर-अंबरनाथकडची मुलेही वडीलधाऱ्यांबरोबर आगगाडीने तेथे जात व परत येताना घरी अशीच एक पेटी हवी म्हणून हट्ट धरीत. आता तो हट्ट पुरविणे अवघड राहिलेले नाही. उल्हासनगरच्या बाजारात गेले की पेटी, वाळू, हवेचा पंप आणि मासे, सारे एका फेरीत मिळते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

बदलापुरातील आमच्या शेजारच्या एका मुलाने अशी पेटी आणली. तो तेव्हा सातवीत होता. रविवारी सकाळी त्याने पेटी घासूनपुसून लख्ख केली, नळाचे पाणी भरले आणि संध्याकाळी पाच गोल्डफिश आत सोडले. तिसऱ्या दिवशी पाण्यावर दुधासारखी झाक आली. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. पाचव्या दिवशी एक मेला, आठवड्याच्या अखेरीस आणखी तीन. पाणी घाण झाले असेल अशा समजुतीने त्याने सगळे पाणी ओतून दिले, वाळू पुनःपुन्हा धुतली, गाळणीतील स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला, आणि उरलेल्या एकाच्या सोबतीला तीन नवे मासे आणले. पंधरा दिवसांत तेही गेले. दुकानदाराने रोगट मासे दिले असे कोणी म्हणाले. कोणी दृष्ट लागल्याचेही म्हणाले. मुलगा मात्र गप्प झाला. आपण इतकी स्वच्छता राखली, मग मासे का मरावेत, हे कोडे त्याला सुटेना.

मुलांनो, या कोड्याचे उत्तर त्या स्वच्छतेतच होते.

मासा अन्न खातो, तेव्हा त्याच्या शरीरात अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. ते मुख्यतः कल्ल्यांवाटे तो पाण्यात सोडतो. उरलेले अन्न कुजले म्हणजे त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत पाणी अफाट असते, वाहते असते. शिवाय तेथे हा अमोनिया संपविणारे जीवाणू वास करतात. उल्हास नदीच्या पात्रातील दगडावर पाय ठेवला तर तो निसरडा लागतो. त्या बुळबुळीत थरात शेवाळाच्या सोबतीने असंख्य जीवाणू राहतात. त्यांपैकी काही अमोनियापासून नायट्राइट बनवितात. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्तात शिरले म्हणजे रक्त तपकिरी होते व त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. परंतु दुसरे जीवाणू या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशांना पुष्कळच कमी अपायकारक असते. वनस्पतींना तर ते खतच होय. आपल्या मित्राच्या नव्या पेटीत पाणी होते, मासे होते, केवळ ही अदृश्य वस्ती नव्हती. ती कोठे जमू लागली असेल तेवढ्यात त्याने ती धुऊन टाकली!

(अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हेही कळेल की नदीच्या सहनशक्तीलाही सीमा असते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी अमर्याद आले म्हणजे नदीचीही बंद पेटीच होते.)

हे काम जीवाणू करतात हे मनुष्याला फार उशिरा उमगले. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू व चुनखडी भरली आणि तिच्यातून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले. पुढे नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते काम थांबले. क्लोरोफॉर्मने जर काम थांबते, तर ते करणारे कोणी सजीवच असले पाहिजेत, हे उघड झाले. त्यानंतर विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखविले. दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जीवाणू तर अगदी अलीकडे, २०१५ साली सापडला, आणि गंमत अशी की त्याचा एक प्रकार मत्स्यपालन केंद्राच्या गाळणीतच मिळाला.

ते वीस दिवस ध्यानात ठेवा. पुष्कळ जीवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. आपले हे जीवाणू मात्र मंदगती, त्यांना दुप्पट होण्यास कित्येक तास, प्रसंगी पूर्ण दिवस लागतो. म्हणून नवी पेटी माशांना राहण्याजोगी होण्यास सहसा चार ते सहा आठवडे जातात. बदलापुरास हिवाळ्यात गारठा पडतो, तेव्हा अधिकही.

तिसऱ्या खेपेस त्या मुलाने मासे आणलेच नाहीत. पाणी भरून त्याने ते एक दिवस तसेच ठेवले, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जसा रोगजंतूंना मारतो तसा या उपकारी जीवाणूंनाही मारतो. मग पंप चालू केला आणि रोज चिमूटभर मत्स्यान्न रिकाम्या पेटीत टाकू लागला. घरातील मंडळी हसली. ओळखीच्या एका घरी जुनी, निकोप पेटी होती. तेथील गाळणीतील स्पंजाचा तुकडा त्याने मागून आणला व आपल्या गाळणीत बसविला. परीक्षणाचे थेंब टाकून पाण्याचा रंग तो वहीत टिपून ठेवी. प्रथम अमोनिया वाढला, मग उतरला. त्यानंतर नायट्राइट वाढले, तेही उतरले. दोन्ही शून्यावर आल्यावर त्याने दोनच गप्पी मासे सोडले, आणि बाकीचे पुढे आठवड्या-आठवड्याने.

मासे आधीच सोडले असतील आणि मरू लागले असतील, तर काय करावे? सारी पेटी धुण्याचा मोह आवरावा. मेलेला मासा तत्काळ काढावा. अन्न अगदी कमी करावे. एखादा दिवस उपास पडला तरी मासा मरत नाही. रोज सुमारे चतुर्थांश पाणी काढून तेवढेच क्लोरीन उडालेले, पेटीतल्याइतक्याच उष्णतेचे पाणी घालावे, म्हणजे विष विरळ होते. घाई असेल तर क्लोरीन घालविणारे सोडियम थायोसल्फेट दुकानात मिळते. पंप बंद करू नये, कारण प्राणवायू माशांना हवा तसा जीवाणूंनाही हवा. वीज गेलीच तर वाटीने पाणी वर घेऊन हलकेच पुन्हा ओतत राहावे. दुधाळ झाक मात्र पाहून घाबरण्याचे कारण नाही. ती निराळ्या जीवाणूंची असते आणि बहुधा काही दिवसांत आपोआप निवळते.

पेटी स्थिरावल्यावरही नायट्रेट साचतच राहते. काही पाणवनस्पती घेतील, उरलेले दर आठवड्यास थोडे पाणी बदलून काढावे लागेल. गाळणी तुंबली म्हणजे तिचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावा, नळाखाली नव्हे. तो पुन्हा पांढराशुभ्र दिसणार नाही. तपकिरीच राहील, आणि तो तसाच असावा.