दुपारी बारापर्यंतचा बर्फ

(मामा नोकरीनिमित्त बरीच वर्षं बाझेलला होता, आता पुण्यात असतो. भाचीला एप्रिलमध्ये नवरा आणि दोन मुलांना घेऊन आल्प्समध्ये स्कीइंग शिकायला जायचं आहे. गाव तिने आधीच ठरवलंय, स्वित्झर्लंडमधलं झरमॅट. बाकी सगळं ठरायचंय.)

भाची : मामा, ज्याला विचारावं तो म्हणतो एप्रिल म्हणजे उशीर झाला. बर्फ संपलेला असतो म्हणे.

मामा : कुठला बर्फ? गावातला संपलेला असतो, हे खरं. झरमॅट गाव साधारण १,६०० मीटरवर आहे, एप्रिलमध्ये तिथले रस्ते बहुधा कोरडे असतात. पण त्याच गावातून केबलकारने तू क्लाइन मॅटरहॉर्नला जाऊ शकतेस. ते स्थानक ३,८८३ मीटरवर आहे, युरोपात एवढ्या उंचीवर दुसरं केबलकारचं स्थानक नाही. त्याच्या पायथ्याशी थेओडुल हिमनदी पसरलीय आणि तिच्यावर वर्षभर स्की चालतं. म्हणून मी तारीख नंतर विचारतो, उंची आधी. वेंगेनलाही झरमॅटसारखीच वाहनबंदी आहे, गाव देखणं आहे, पण ते १,३०० मीटरच्याही खाली. एप्रिलमध्ये स्कीसाठी मी तिथे कुणाला पाठवणार नाही.

भाची : वाहनबंदी म्हणजे अगदी माथेरानसारखी?

मामा : बरीचशी. माथेरानला आपण दस्तुरीला गाडी सोडतो, तशी इथे टेशला सोडायची. तिथून पाच किलोमीटरवर झरमॅट, शटल रेल्वेने बारा मिनिटं. माथेरानला ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या त्या २०२२च्या डिसेंबरात. झरमॅटमध्ये विजेच्या चौकोनी डब्यासारख्या छोट्या टॅक्सी आणि बस कित्येक दशकं धावताहेत आणि त्या गावातल्या गावातच बनतात. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला मज्जाव. रुग्णवाहिका, अग्निशमन अशांचा अपवाद. पण एक सांगतो, मुंबई-पुण्याचे लोक झुरिकला उतरून भाड्याची गाडी घेतात, ती टेशच्या वाहनतळावर उभी करतात आणि रोजचे पैसे भरत बसतात. मला हे कधीच समजलेलं नाही. झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून फिस्प, फिस्पला गाडी बदलून छोट्या रुळांच्या रेल्वेने झरमॅट. एकूण साडेतीन तासांच्या आसपास. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, ते पहाटे पोचलं तर दुपारच्या जेवणाला तुम्ही गावात.

भाची : ही रेल्वे जुनी आहे ना?

मामा : फिस्प-झरमॅट मार्ग १८९१चा. तेव्हा फक्त उन्हाळ्यात चालायची, कारण पाहुणे उन्हाळ्यातच यायचे, डोंगर चढायला. एडवर्ड विम्परची तुकडी १८६५च्या १४ जुलैला मॅटरहॉर्नवर पोचली. सातजण वर गेले होते, उतरताना दोर तुटला आणि चौघे पडून मेले. त्या बातमीनेच गाव जगाला माहीत झालं. तो दोर गावातल्या संग्रहालयात ठेवलाय, एका दुपारी मुलांना तो दाखव. स्कीवाले पाहुणे नंतरचे.

भाची : एका दुपारी? दुपारी तर आम्ही बर्फावर असू.

मामा : नसाल. आता मुद्द्यावर आलीस. एप्रिलमध्ये बर्फ घड्याळाप्रमाणे बदलतो. जानेवारीत सकाळी जसा असेल तसाच तो संध्याकाळी असतो, कोरडा. एप्रिलमध्ये दिवसा ऊन वरचा थर वितळवतं, पाणी दाण्यांच्या फटींतून खाली मुरतं. बारीक दाणे विरघळतात, मोठे आणखी मोठे होतात, त्यांचे कोपरे गोल होतात. रात्री हे पाणी पुन्हा गोठतं आणि सगळे दाणे एकमेकांना चिकटतात. सकाळी आठला उतारावर गेलीस तर पायाखाली काचेसारखा टणक थर मिळेल. नवशिक्याला तो नको. दहाच्या सुमाराला वरचे एक-दोन सेंटिमीटर सुटे, दाणेदार होतात आणि खाली पाया घट्ट राहतो. स्की वळवायला याहून सोपा बर्फ नाही. जानेवारीत जे वळण जमत नाही ते इथे आपसूक जमतं. मग ऊन खोलवर जातं, पाया सुटतो, स्की रुतायला लागते. स्कीच्या तळाखाली पाण्याचा थर जमला की ती ओढली गेल्यासारखी अडते, आणि थकलेल्या माणसाचा गुडघा नेमका तेव्हा दुखावतो.

भाची : म्हणजे रोज दहा ते बारा?

मामा : साधारण. पण त्यातही गंमत आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ तासभर पुढे करतात. मग एप्रिलमध्ये झरमॅटला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात दीड वाजता! त्यामुळे मार्चमध्ये साडेअकराला बिघडणारा उतार त्यानंतर साडेबारापर्यंत टिकलेला वाटतो. लोक म्हणतात, यंदा एप्रिलच छान. छान काही नसतं, काटे सरकवलेले असतात.

भाची : आणि रात्री गोठलंच नाही तर?

मामा : हा प्रश्न विचारणारे थोडे. तापमान शून्याखाली गेलं की गोठतं असं सगळे समजतात. खरं म्हणजे आकाश बघायचं असतं. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता थेट आकाशात सोडतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. हवा दोन-तीन अंशांवर असली तरी बर्फ गोठतो. ढग असले की तेच ढग उष्णता परत खाली पाठवतात. मग सकाळी आठलाच चिखल. अशा दिवशी घाई करून उपयोग नाही, सरळ उंच जायचं किंवा सुट्टी घ्यायची. ढगाळ, उबदार रात्रीनंतर ओल्या बर्फाचे थरही सुटतात. दावोसची हिमसंशोधन संस्था रोज हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी जाहीर करते, एक ते पाच. तुम्ही आखलेल्या उतारावरच राहणार, त्यामुळे फार काळजी नाही. मात्र तिथे पिवळ्या खुणांच्या वाटा दिसतील. निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. पिवळी म्हणजे यंत्राने न सपाट केलेली. तिच्याकडे फिरकायचंही नाही.

भाची : मुलांना शिकवायचं कुठे?

मामा : सुनेगाला. गावातून डोंगराच्या पोटातून जाणारी फ्युनिक्युलर आहे, काही मिनिटांत २,२८८ मीटरवर सोडते. तिथे तळ्याकाठी नवशिक्यांचा सपाट भाग आहे. पण ती बाजू उन्हाकडे तोंड करून आहे, म्हणून स्कीशाळेचा वर्ग सकाळचाच घ्यायचा. दुपारच्या वर्गात सवलत देतील, ती घेऊ नकोस. थेओडुलची बाजू उत्तरेकडे उतरते आणि उंचही आहे, तिथला बर्फ उशिरापर्यंत टिकतो. तीन-चार दिवसांनी मुलं वळणं घ्यायला लागली की तिकडे जा.

भाची : आणि आम्ही दोघं? यांनी एकदा गुलमर्गला स्की घातलीय, मी तर शून्य.

मामा : मग खरं सांगू? पहिल्यांदा शिकायला झरमॅट सर्वांत सोयीचं गाव नाहीच. महाग आहे, उतार लांब आहेत, लिफ्ट गावाच्या वेगवेगळ्या टोकांना. बेटमराल्प, रिडराल्प ही गावं बघ. दोन्ही वाहनबंदीची, खोऱ्यातून केबलकारने जायचं, उतार सौम्य, डोंगराआड अलेच हिमनदी. मार्चमध्ये गेली असतीस तर मी तिकडेच पाठवलं असतं. पण तुमच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, आणि ईस्टर तर फिरता. २०२५ला तो २० एप्रिलला होता, २०२६ला ५ एप्रिलला, २०२७ला २८ मार्चला. ईस्टर लवकर आला की लहान गावं लवकर आवरतं घेतात. झरमॅट आणि सास-फे उंचीमुळे टिकतात. सास-फेलाही वाहनबंदी आहे, गाव १,८०० मीटरवर, वर हिमनदी. तेही चालेल, पण मॅटरहॉर्न तिथून दिसत नाही आणि तुझा हट्ट मॅटरहॉर्नचाच आहे.

भाची : आहेच! बरं, हॉटेल कुठे घेऊ? स्वस्तातलं स्टेशनपासून लांब आहे.

मामा : वाहनबंदीच्या गावात हॉटेल निवडताना नकाशा उघडायचा, फोटो नंतर. कारण स्कीचे बूट घालून चालायचंय. ते बूट म्हणजे प्लास्टिकचा साचा, त्यात घोटा वाकत नाही. शंभर पावलांत वैताग येतो. गोर्नरग्राटची रेल्वे मुख्य स्टेशनच्या समोरूनच सुटते, १८९८पासून, थेट ३,०८९ मीटरपर्यंत. सुनेगाची फ्युनिक्युलर नदीपलीकडे, तीही स्टेशनपासून फार लांब नाही. फुरीमार्गे क्लाइन मॅटरहॉर्नकडे जाणारी केबलकार मात्र गावाच्या दक्षिण टोकाला, स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. विजेची स्की-बस आहे, पण सकाळी साडेनऊला ती खच्चून भरते. तुमचे वर्ग सुनेगाला, तेव्हा नदीजवळ राहा. शिवाय स्की आणि बूट भाड्याने देणारी दुकानं लिफ्टच्या पायथ्याला सामान रात्रभर ठेवून घेतात. ती सोय मागून घे, तेवढे पैसे वसूल.

भाची : चार मोठ्या बॅगा घेऊन स्टेशनवरून जायचं कसं?

मामा : हॉटेलला गाडीची वेळ आधी कळव. बहुतेकांची विजेची गाडी स्टेशनवर येते, दोन-तीन जुन्या हॉटेलांची घोडागाडीसुद्धा. पण चार मोठ्या बॅगा कशाला? जॅकेट-पँट भाड्याने मिळतात, हेल्मेट मिळतं. हातमोजे, गॉगल, लोकरीचे पातळ मोजे आपले. आणि सनस्क्रीन, एसपीएफ ५०. गोऱ्या रंगाची माणसंच भाजतात असं समजू नकोस. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे हनुवटीखाली, नाकपुड्यांतसुद्धा भाजतं. एप्रिलचं ऊन जानेवारीच्या कितीतरी पट.

भाची : आणि पैसे?

मामा : स्कीपास दिवसाला शंभर फ्रँकच्या आसपास धर, दर दिवसागणिक आणि आगाऊ घेण्यावर बदलतो. रोजचा पास घेऊन अर्धा दिवस वापरण्यात अर्थ नाही. मुलांच्या वर्गाच्या भागापुरतं वेगळं तिकीट मिळतंय का ते शाळेला विचार. जेवणाचा खर्च स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून आणून सांभाळ. तुम्ही शाकाहारी, तुम्हाला रोश्टी आणि राक्लेटवर आठवडा काढता येईल. राक्लेट याच व्हाले प्रांतातलं, वितळलेलं चीज उकडलेल्या बटाट्यावर. दुसऱ्या दिवशी लोणचं लागेल, ते घेऊन जा.

भाची : व्हिसाचं मी बघते. एक विचारू? परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळी निघू का झरमॅटहून?

मामा : नको! एक रात्र झुरिकला किंवा बाझेलला ठेव. वाट एकच आहे, अरुंद खोऱ्यातली. २०१८च्या जानेवारीत हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता आणि रेल्वे बंद झाली, गावात तेरा हजारांच्या आसपास पाहुणे अडकले, काहींना हेलिकॉप्टरने खाली आणलं. जानेवारीत असं होणारच म्हणशील. पण २०२५च्या १७ एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या गुरुवारी, एवढा बर्फ पडला की झरमॅटची वाट तुटली आणि वीजही गेली. वसंत आहे म्हणून आल्प्स हिवाळा विसरत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात स्कीचा समावेश आहे का ते वाच. बऱ्याचदा नसतो. तिथे मोडलेल्या पायाला हेलिकॉप्टर येतं आणि त्याचं बिल तुम्हाला येतं.

भाची : हे म्हणतात, एक दिवस स्की करत इटलीत जाऊन जेवून येऊ. जमेल?

मामा : चेर्व्हिनियाला? सीमा डोंगराच्या माथ्यावरच आहे, वर कुणी पासपोर्ट बघत नाही, पण खिशात ठेवा. तिकीट मात्र दोन्ही देशांचं, आंतरराष्ट्रीय लागतं. हे सगळं पाच-सहा दिवस नीट शिकल्यावर, आणि त्यांनी एकट्याने नव्हे, प्रशिक्षकाबरोबर. पलीकडचा उतार दक्षिणेकडचा, दुपारी सगळा मऊ. लवकर जायचं, कॉफी-पिझ्झा, आणि परतीची लिफ्ट किती वाजता बंद होते ते आधी बघून ठेवायचं. ती चुकली तर परत यायला खोऱ्यांना वळसा घालून टॅक्सीचे कित्येक तास आणि मुकाट्याने मोजायचे युरो.

भाची : आणि वर वारा असेल तर?

मामा : तर सकाळीच कळेल. वरच्या केबलकार जोरदार वाऱ्यात बंद ठेवतात, लिफ्टच्या फलकावर ते लाल दिसतं. त्या दिवशी इटली नाही, सुनेगालाच जा. त्यांना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे पिझ्झाचं बोलणं वाढणार नाही.