विमान चालवायला कसे शिकतात?

विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधतात. काठावर कोणी जाणते माणूस उभे असते. चार-आठ दिवस असे जातात. मग एके दिवशी ते माणूस भोपळा सोडते आणि म्हणते, "हं, मार आता उडी!" त्या दिवशी छातीत कसे धडधडते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा धडा लवकर समजेल.

आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी विमान चालवायला शिकायला गेली. तिची आई आमच्या रात्रीच्या वर्गाला अक्षरे गिरवायला येई. एकदा पाटी पुसता पुसता ती म्हणाली, "गुरुजी, वर गेल्यावर काही बिघडलं, तर पोर खाली कशी येणार? रस्त्यावर गाडी बिघडली तर कडेला लावता येते. आभाळाला कडा कुठली?"

प्रश्न रास्त होता. आम्हांला उत्तर येत नव्हते. आम्ही पुस्तके मिळवून वाचली. मुलगी सुट्टीत आली, तेव्हा तिला विचारून घेतले. जे कळले ते तुम्हांला सांगतो.

विमान हवेत कसे राहते?

एस.टी.च्या खिडकीशी बसून कधी तळहात वाऱ्यात धरला आहे काय? तळहात आडवा असला तर वारा वरून-खालून निघून जातो. बोटांकडची कड थोडी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. विमानाच्या पंखांचेही असेच आहे. पंख पुढे धावतो आणि हवेला खाली लोटतो. हवा पंखाला वर लोटते. म्हणून विमानाला वेग हवा. वेग गेला, तर आधार गेला.

शिकण्याचे विमान लहान असते. सेसना १५२ नावाचे विमान यासाठी पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात दोनच माणसे बसतात. माणसे आणि इंधन धरून त्याचे वजन जास्तीत जास्त साडेसातशे किलोच्या आसपास जाते. जमिनीवर धावता धावता ताशी ९० ते १०० किलोमीटर वेग आला की त्याची चाके जमीन सोडतात.

कोणाला शिकता येते?

आपल्या देशात शिकाऊ परवान्यासाठी वय १६ वर्षे पुरे हवे आणि दहावी पास हवे. डॉक्टर डोळे, कान, हृदय तपासतात. विमानाचे नियम, हवामान, दिशा आणि यंत्र यांची परीक्षा होते. पुढे हौसेने उडवण्याच्या परवान्याला निदान ४० तासांचे उड्डाण लागते. पगारी वैमानिक व्हायचे तर २०० तास लागतात. महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी हे शिक्षण मिळते. खर्च मात्र फार येतो. तो आधी नीट विचारून घ्यावा.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल या २१ वर्षांच्या बाईंनी साडी नेसून एकटीने विमान उडवले. त्या वेळी त्यांच्या पदरी चार वर्षांची मुलगी होती.

यादी वाचल्याशिवाय उड्डाण नाही

विमानात बसण्यापूर्वी शिकणारा विमानाभोवती एक फेरी मारतो. पंख, चाके, शेपटी हात लावून पाहतो. टाकीतले थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढतो. कशासाठी? इंधनात पाणी शिरले असेल तर ते तळाला बसते आणि डोळ्यांना दिसते. पाणी यंत्रात गेले तर यंत्र बंद पडेल.

हे सारे तो आठवणीने करीत नाही. हातात छापील यादी असते. एकेक ओळ वाचायची आणि तेवढे काम करायचे. पाठ झाले तरी वाचायचेच.

मुलीची आई हसून म्हणाली, "एवढी शिकलेली पोर, आणि रोज तेच तेच वाचते?"

आम्ही तिला एक खरी हकीकत सांगितली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यात बोइंग कंपनीचे एक नवे मोठे विमान तपासणीसाठी उडाले. चालवणारा लष्करी वैमानिक चांगला मुरलेला होता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याच्या शेपटीच्या हलत्या फळ्या आपटू नयेत म्हणून त्या अडकवून ठेवतात. उडण्यापूर्वी ती अडकण काढायची राहिली. विमान वर गेले, नाक फार उंच झाले, आणि ते खाली कोसळले. दोघांचे प्राण गेले. तेव्हापासून वैमानिकांच्या हाती यादी आली. माणूस हुशार असला तरी विसरतो. कागद विसरत नाही. पण कागद वाचावा लागतो.

हे ऐकून बाई गप्प झाली. मग म्हणाली, "बरोबर आहे. वाचू दे तिला."

विमान आता कोणाच्या हाती?

शिकणारा डाव्या खुर्चीवर बसतो, शिक्षक उजव्या. दोघांपुढे सारखीच चाके आणि पायाखाली सारखेच पट्टे असतात. चाक पुढे ढकलले की नाक खाली जाते. मागे ओढले की नाक वर येते. चाक डावीकडे फिरवले की डावा पंख खाली होतो आणि विमान वळू लागते. पायांनी शेपटीची उभी फळी हलते.

दोघांनी एकदम ओढाताण केली तर अनर्थ होईल. म्हणून एक नियम कडक पाळतात. शिक्षक मोठ्याने सांगतो, "आता विमान तुमच्या हाती." शिकणाराही मोठ्याने म्हणतो, "आता विमान माझ्या हाती." विमान कोणाच्या हाती आहे, याविषयी एक क्षणही शंका राहता कामा नये. घरातल्या कामातही हे चांगले. "मला वाटलं, गोठ्याचं दार तू लावलंस," असे दोघेही म्हणतात, आणि वासरू रानात जाते!

भीती वाटली की नाक खाली

आता अवघड भाग पाहा. नाक फारच वर उचलले, तर हवा पंखावरून सरळ वाहत नाही. पंखाचा आधार एकदम कमी होतो. विमान थरथरते आणि खाली जाऊ लागते. यंत्र तर चालूच असते! अशा वेळी घाबरलेला माणूस काय करील? नाक आणखी वर ओढील. तीच चूक. नाक खाली करायचे आणि यंत्राचा जोर वाढवायचा. वेग येतो, पंख पुन्हा हवा धरतो, मग हळूच नाक वर घ्यायचे.

पोहताना असेच होते ना? घाबरून मान फार वर काढली की पाय बुडतात. अंग पाण्यावर सोडले की तरंगते. शिक्षक हा प्रकार उंचावर नेऊन मुद्दाम करून दाखवतो. हाताला सवय लागेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतो.

आणि यंत्रच बंद पडले तर? आईचा प्रश्न हाच होता. विमान दगडासारखे खाली पडत नाही. नाक किंचित खाली ठेवून योग्य वेग राखला, तर ते घारीसारखे तरंगत उतरते. वारा नसेल तर हे लहान विमान १००० मीटर उंचीवरून सुमारे आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. तेवढ्यात मोकळे सपाट रान शोधायचे. याचाही सराव करून घेतात. धोका मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण धोक्याची तयारी आधी करता येते.

वाऱ्याकडे तोंड

खळ्यावर उफणायला उभे राहताना आपण आधी वारा पाहतो. वैमानिकही तेच करतो. धावपट्टीजवळ काठीला कापडाची लांब पिशवी बांधलेली असते. ती वाऱ्याने फुगते आणि वारा कुठून येतो ते दाखवते. होता होईल तो वाऱ्याकडे तोंड करून उडायचे आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरायचे. मग जमिनीवरचा वेग कमी लागतो आणि थोड्या जागेत काम होते.

शिकणारा विमानतळाभोवती चौकोनी फेऱ्या मारतो. वर जायचे, सुमारे ३०० मीटर उंचीवर फेरी घ्यायची आणि उतरायचे. पुन्हा वर, पुन्हा खाली. जमीन अगदी जवळ आली की नाक जरासे उचलायचे. आधी मागची दोन चाके टेकतात, मग पुढचे. उतरताना काही बरोबर वाटले नाही तर हट्ट करायचा नाही. यंत्राला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचे आणि नवी फेरी घ्यायची. यात कमीपणा नाही. शिक्षक त्याला शहाणपण म्हणतात.

शिक्षक खाली उतरतात

एके दिवशी दोन-तीन फेऱ्या झाल्या की शिक्षक विमान थांबवायला सांगतो. पट्टा सोडतो, दार उघडतो आणि खाली उतरतो. म्हणतो, "आता एक फेरी एकट्याने." हा दिवस कोणाला पंधरा तासांच्या शिकवणीनंतर येतो, कोणाला पंचवीस. घाई करून उपयोग नाही.

आमच्या मुलीने सांगितले, "गुरुजी, शेजारची खुर्ची रिकामी दिसली आणि घसा कोरडा पडला. मग यादी हातात घेतली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. वाचता वाचता हात स्थिर झाले. एका माणसाचं वजन कमी झालेलं. विमान रोजच्यापेक्षा भरभर वर गेलं. फेरी घेतली आणि उतरले. चाके टेकल्यावर कळलं, आपण सगळा वेळ मोठ्याने बोलत होतो."

त्या संध्याकाळी तिने घरच्या मोबाईलवर दोन ओळी पाठवल्या. एरवी असा निरोप शेजारचा मुलगा वाचून दाखवी. त्या दिवशी तो शेतावर होता. घरात आई एकटी. तिने पदराने काच पुसली आणि एकेक अक्षर जुळवू लागली. "आई, आज मी एकटीने विमान उडवले. सुखरूप उतरले." 'सुखरूप' हा शब्द तिला दोनदा वाचावा लागला.

रात्री ती वर्गाला आली ती मोबाईल हातात धरूनच. आम्ही विचारले, "कोणी वाचून दाखवलं?"

ती म्हणाली, "कोणी नाही. तिचे गुरुजी खाली उतरले होते. माझेही जवळ नव्हते."

शब्दांचे अर्थ

वैमानिक – विमान चालवणारा.
उड्डाण – हवेत उडणे.
परवाना – सरकारची लेखी परवानगी.
सराव – पुन्हा पुन्हा करून लावलेली सवय.

प्रश्न

१. इंधनात पाणी आहे की नाही, हे वैमानिक कसे पाहतो?
२. पाठ असूनही यादी का वाचतात?
३. पंखाचा आधार गेला तर नाक वर करावे की खाली? का?
४. तुमच्या कामातल्या पाच गोष्टींची यादी लिहा. उद्या ती वाचून कामे करा.