त्याच्या हातची मेथी

काल फोनवर तू रडवेली झालीस, तेव्हा मला खरं तर आधी हसू आलं. पाच वर्षांचं पोर भाजी बोटाने ताटाच्या कडेला सारतं आणि चिक्की मागून मागून खातं, म्हणून तू स्वतःला दोष देत बसलीस. अगं, खंडाळ्यात राहायचं आणि पोराने चिक्की मागायची नाही? रस्त्याने दर दहा पावलांवर बरण्या मांडलेल्या. चिक्की लपवू नकोस, आणि पालकात लोह असतं वगैरे व्याख्यानही देऊ नकोस. त्या लोहाशी त्याला काय करायचंय?

माझं ऐकशील तर महिना-दोन महिने जेवताना 'खा' हा शब्दच बंद कर. आपण त्याला भरवायचं सोडून तो आपल्याला खाऊ घालेल असं काहीतरी करू.

आता नवरात्र तोंडावर आलंय. यंदा घटाची माती त्याला कालवू दे. सगळं घर चिखल होईल, होऊ दे. गहू त्यानेच पसरायचे, पाणी त्यानेच शिंपडायचं. दसऱ्यापर्यंत रोपं वीतभर होतात. पाच वर्षांच्या मुलाचा धीर नऊ-दहा दिवसच टिकतो, म्हणून मला तर वाटतं मुलांना पेरणी शिकवायला याहून सोपी गोष्ट आपल्याकडे नाही. आणखी एक कर. मूठभर गहू वेगळ्या वाटीत पेरून ती खिडकीत ठेव. देवघरातल्या काळोखातले पिवळट उगवतील, खिडकीतले हिरवेगार. दसऱ्याला दोन्ही शेजारी ठेव आणि गप्प बस. विचारेल तेव्हाच सांग.

खरी पेरणी दसऱ्यानंतर. इथे मी पहिल्या वर्षी आपटले, म्हणून सांगते. जूनमध्ये हौसेने मेथी, पालक, कोथिंबीर, सगळं लावलं. आपल्या घाटमाथ्यावर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तिथे कोवळ्या पाल्याचं काय होणार? आठ दिवसांत सगळं सडलं. ओल्या कचऱ्याच्या खताचा खड्डा केला होता, त्यात बेडूक पोहायला लागले. शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "पावसात वेल नि अळू लाव गं, पाला उघडीप मिळाल्यावर." तेव्हापासून ओला कचरा झाकणाच्या टोपलीत, वळचणीला.

मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते, म्हणून सुरुवात तिच्यापासून. धणे मात्र भाजलेले पेरू नकोस. मी पेरले होते! लेक पंधरा दिवस रोज सकाळी डब्यात डोकावायची आणि मी तिला सांगायचे, येईल हं, येईल. शेवटी चूक कबूल केली, तर तिने आजीला फोन करून आईला काही येत नाही म्हणून सांगितलं. कच्चे धणे रगडून दोन फाका करून पेरले, ते दहा दिवसांनी उगवले. त्या कोथिंबिरीवर तिचा असा काही हक्क होता की मला दोन काड्या मागून घ्याव्या लागायच्या.

पण ती भाजी खायला लागली ती भोपळ्यामुळे. मांडवावर लाल भोपळ्याचा वेल चढवला होता. फुलं ढीगभर, फळ एक नाही. पावसात मधमाश्या फिरकत नाहीत ना. एका सकाळी उघडीप होती, मी तिला उचलून घेतलं. नुसत्या देठावरचं फूल नर, आणि ज्याच्या मागे बोराएवढी हिरवी गोटी असते ते मादी. तिने नराच्या पाकळ्या सोलल्या, आतला केसर मादी फुलात हलकेच फिरवला. नाकाला पिवळी पूड लागली होती. हे सकाळी लवकर करायचं, दहाच्या सुमाराला फूल मिटतं. चार दिवसांनी गोटी फुगायला लागली तसं तिने अख्ख्या गल्लीला गोळा करून दाखवलं. उरलेल्या नर फुलांची भजी केली, ती तिने स्वतः वाढली. आणि वाढणाऱ्याला चव घ्यावीच लागते!

अळू लावशील तर मोरीजवळ. पूर्वी तिथेच असायचा, सांडपाण्यावर वाढायचा. आता साबणाचं पाणी नको, तांदूळ-भाज्या धुतलेलं घाल. त्याला सांगून ठेव, कच्चा तोंडात घालायचा नाही, घसा खाजतो. म्हणून तर आपण फतफत्यात चिंच घालतो. रानातलं तर जाणत्या माणसाशिवाय काही खुडायचंच नाही.

शाळेच्या परसबागेवर फार विसंबू नकोस. चांगल्या असतात काही ठिकाणी, पण मी एका शाळेत (नाव नको) पाहणीच्या आदल्या दिवशी नर्सरीतली रोपं पिशवीसकट मातीत पुरलेली पाहिलीत. आणि दंगा केला म्हणून गवत उपटायला लावायचं, मग मुलाला माती आवडणार कशी? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या. तिथे पानं, बिया, शिंपले हेच शिकवायचं साहित्य होतं, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात जायची. तुझ्या दाराशी एवढं रान आहे, तुला साहित्य कशाला विकत आणायला हवं?

एखाद्या रविवारी लोणावळ्याहून लोकलने मळवलीला उतर. भात निसवलेलं असेल. तू रोज शिजवतेस तो इंद्रायणी इथलाच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला. हे तुझ्यासाठी सांगितलं. त्याला नुसती एक लोंबी मोजू दे.

शनिवारी येते मी. तेलाचा रिकामा डबा टाकू नकोस, भोकं पाडायला खिळा-हातोडी मी आणते. डबा खिडकीच्या जाळीच्या आतच ठेवायचा, माकडांना मेथी आपल्याआधी कळते. दाणे मात्र तुझ्या मिसळणाच्या डब्यातले, आणि ते त्यालाच काढू दे. सांडले तर सांडले.