ओमानची रस्तेबांधणी : दहा किलोमीटरपासून महामार्गांपर्यंत

अरबस्तानाच्या आग्नेय कोपऱ्यात वसलेला ओमान हा देश क्षेत्रफळाने जवळपास आपल्या महाराष्ट्राएवढा आहे. उत्तरेस हजर पर्वताच्या उघड्या रांगा, मध्यभागी खडकाळ वाळवंट आणि दक्षिणेस पावसाळी वाऱ्यांनी हिरवा होणारा धोफार प्रांत, अशी त्याची रचना आहे. १९७० साली या संपूर्ण देशात डांबरी रस्ता होता अवघा दहा किलोमीटर! शाळा तीनच होत्या. मस्कतच्या बंदरात मोठी जहाजे धक्क्याला लागू शकत नसत. माल पडावांतून किनाऱ्यावर आणावा लागे. आजाऱ्याला डोंगरातील खेड्यातून दवाखान्यात न्यायचे म्हणजे उंटाच्या किंवा गाढवाच्या पाठीवरून कित्येक दिवसांचा प्रवास करावा लागे.

तेल आले, मग रस्ता आला

१९६४ साली फहूद येथे तेलाचा मोठा साठा सापडला. तेथून किनाऱ्यावरील मीना अल् फहल बंदरापर्यंत सुमारे २८० किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकण्यात आली आणि १९६७ मध्ये निर्यात सुरू झाली. म्हणजे तेलाला वाट मिळाली, माणसाला मात्र अद्याप मिळाली नव्हती. जुलै १९७० मध्ये सुलतान काबूस सत्तेवर आल्यानंतर तेलाचे उत्पन्न प्रथम दळणवळण, शिक्षण आणि आरोग्य यांकडे वळविण्यात आले. मस्कतहून किनाऱ्याने सोहारकडे आणि समाईल खिंडीतून निझवाकडे पक्के रस्ते झाले. १९७३ मध्ये सीब येथे विमानतळ आणि १९७४ मध्ये मत्राह येथे खोल पाण्याचे बंदर सुरू झाले. दुर्गम खेड्यांसाठी आधी मुरुमाचे कच्चे रस्ते तयार करण्यात आले आणि वाहतूक वाढेल तसे ते पक्के होत गेले. रस्ता पोचला तेथे शिक्षक, औषधे आणि बाजारभाव पोचले.

वाळवंटातील पूर

वाळवंटी रस्त्याचा शत्रू वाळू आहे, हे सहज ध्यानात येते. परंतु ओमानमध्ये पाण्याने केलेली हानी अधिक गंभीर आहे. वर्षभर कोरडे राहणारे नदीपात्र, ज्याला तेथे ‘वादी’ म्हणतात, डोंगरातील एका सरीनंतर काही मिनिटांत दुथडी भरून वाहू लागते. प्रत्येक वादीवर उंच पूल बांधणे परवडणारे नव्हते. म्हणून अनेक ठिकाणी, आपल्याकडील फरशी पुलाप्रमाणे, पात्रातूनच काँक्रीटचा रस्ता नेऊन कडेला पाण्याची पातळी दाखविणारे रंगीत खांब उभारले गेले. पूर असताना वादी ओलांडणे हा तेथे कायद्याने गुन्हा आहे. तरीही जून २००७ च्या गोनू चक्रीवादळात रस्ते व पूल वाहून गेले, आणि एप्रिल २०२४ च्या पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. स्वस्तात बांधलेल्या ओलांडणीची खरी किंमत अशा वेळी मोजावी लागते. यासाठीच नव्या मार्गांवर उंच पूल आणि शहरांच्या वरच्या बाजूस पूर रोखणारे बांध यांवर भर दिला जात आहे.

तेलापलीकडचा विचार

तेलाचे साठे अक्षय नसतात, ही जाणीव पुढील नियोजनात स्पष्ट दिसते. १९९८ मध्ये सलाला येथे कंटेनर वाहतूक सुरू झाली. त्यानंतर सोहार आणि दुक्म ही बंदरे उभी राहिली. ही सर्व बंदरे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीबाहेर असल्याने जहाजांना ती धोक्याची वाट टाळता येते. २०१८ मध्ये मस्कत विमानतळाची नवी इमारत खुली झाली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘रुब अल् खाली’ या ओसाड वाळवंटातून सौदी अरेबियास जोडणारा थेट रस्ता सुरू झाला आणि दोन्ही देशांमधील अंतर सुमारे ८०० किलोमीटरने घटले. सोहारहून अबू धाबीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे कामही हाती घेण्यात आले आहे.

तेलाचा पैसा हे ओमानचे भाग्य खरे. पण त्यातून आधी काय बांधावयाचे, हा निर्णय माणसांचा होता. रस्ता किती लांब झाला, याबरोबरच पावसाळ्याच्या दिवशी त्यावरून मूल शाळेतून सुखरूप घरी येते काय, हेही पाहिले पाहिजे. विकासाचे हे मोजमाप वाळवंटाला लागू आहे, तसेच नदीनाल्यांच्या आपल्या प्रदेशालाही आहे.