फ्रान्सला शिकवायला जाताय? पहिले दोन महिने सांभाळा

शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर भागातल्या मुली हल्ली विचारतात, ‘ताई, फ्रान्समध्ये इंग्रजी शिकवायला जाता येतं म्हणे, खरं का?’ खरं आहे. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भाषा-साहाय्यक योजनेत फ्रेंच येणाऱ्या भारतीय तरुणांनाही घेतात. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास, मुलांकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घ्यायचा. महिन्याकाठी साधारण ८०० युरो हातात पडतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकून मी याच योजनेतून नेव्हेर या ल्वारकाठच्या गावी गेले होते.

बारा तासांची नोकरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शनिवार-रविवारची भटकंती उभी राहते. ती होते आणि छान होते. पण पहिल्या दोन महिन्यांत कागद आणि पैसा हातात नसेल तर पुढचे महिने ते निस्तरण्यातच जातात. ज्यांचे नातेवाईक युरोपात आहेत त्यांना कोणी तरी महिनाभर सांभाळून घेतं. आपल्या तालुक्यातून गेलेल्याला तिथं उसने पैसे द्यायला कोणी नसतं, म्हणून हे सगळं सविस्तर सांगते आहे.

आधी जन्मदाखला. फ्रान्समध्ये आरोग्य विम्याचा क्रमांक काढायला तो लागतो आणि त्यावर आई-वडिलांची नावं असावी लागतात. आपल्याकडचे जुने दाखले आठवा. कुठे बाळाचं नावच नोंदवलेलं नसतं, कुठे आईचं माहेरचं नाव, तर कुठे पासपोर्टवरचं आडनाव वेगळं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. फ्रेंच कारकुनाला वडिलांचं नाव कशासाठी आलं ते कळत नाही. तो ते तुमचंच दुसरं नाव समजून लिहितो. माझं नाव बँकेत एक, पगाराच्या कागदावर दुसरं आणि भाडेकरारावर तिसरंच झालं होतं. ते जुळवून घेईपर्यंत पगार अडकून राहिला. म्हणून नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीतून मराठी-इंग्रजी दाखला नव्यानं काढा, त्यावरची अक्षरं पासपोर्टशी ताडून पाहा आणि दुरुस्ती असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी करून घ्या. दाखल्याला अपोस्टिलही, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, इथूनच करून न्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण राज्याच्या आणि केंद्राच्या शिक्क्यांना वेळ लागतो. फ्रेंच भाषांतर मात्र तिथल्या न्यायालयाच्या यादीवरच्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

दुसरी गोष्ट पैशाची. पहिला पगार ऑक्टोबरच्या अखेरीस येतो, कागद अडले तर नोव्हेंबरात जातो. घर मात्र पहिल्या आठवड्यात लागतं. सामानासहित खोलीला मालक दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत मागू शकतो, वर चालू महिन्याचं भाडं. घरभाड्याची सरकारी मदत साहाय्यकांनाही मिळते, पण राहायला गेल्याच्या पुढच्या महिन्यापासून. खातं उघडायला बँक पत्ता मागते आणि घर द्यायला मालक बँकेचा कागद मागतो! शिवाय त्याला फ्रान्समध्ये पगार असलेला जामीनदार हवा असतो. तो आपण आणायचा कुठून? तिशीच्या आतल्यांसाठी व्हिझाल नावाची फुकट जामीन योजना आहे. भाडेकरारावर सही करण्याआधी तिचं मान्यतापत्र काढावं लागतं. हे मला एका मालकानं खोली नाकारल्यावर कळलं. तोवर मी शाळेतल्या एका शिक्षिकेकडे राहत होते. तिनं मी तिच्याकडे राहते असं लिहून दिलं आणि त्या चिठ्ठीवर बँकेचं काम झालं. नेमणुकीचं पत्र आलं की शाळेला लगेच लिहा, राहण्याची सोय आहे का विचारा. काही शाळांत वसतिगृहाची खोली मिळते. आणि दोन महिने पगाराशिवाय निघतील एवढे पैसे सोबत ठेवाच. कर्ज काढून जायचं असेल तर एक वर्ष थांबा, असं मी घरच्या मुलीलाही सांगेन.

उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंद करायची असते. ती राहिली तर तुमचं तिथलं राहणं कायदेशीर उरत नाही.

वर्गाबद्दल थोडंच सांगते. तिथल्या मुलांना व्याकरण येतं, पण चुकायच्या भीतीनं ती तोंड उघडत नाहीत. दोंडाईच्याच्या मिरची बाजाराचे फोटो भिंतीवर लावले आणि त्यांना प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंही बोलू लागली. आपलं इंग्रजी लंडनसारखं नाही म्हणून संकोचू नका. जातानाच बाजाराचे, लग्नाचे, शाळेचे, शेताचे फोटो घेऊन जा.

आता भटकंती. २७ वर्षांपर्यंतच्यांना ४९ युरोत वर्षभराचं रेल्वे सवलत कार्ड मिळतं, ते पहिल्या पगारात घ्या. पंचविशीपर्यंत युरोपात राहणाऱ्यांना लूव्हर आणि इतर राष्ट्रीय संग्रहालयं मोफत आहेत. तुमचा दीर्घ मुदतीचा व्हिसा हाच त्याचा पुरावा, म्हणून पासपोर्ट सोबत हवा. शेजारच्या शेंगेन देशांत त्याच व्हिसावर जाता येतं, लंडनला मात्र वेगळा व्हिसा लागतो. सुट्ट्यांसाठी फ्रान्सचे अ, ब, क असे तीन विभाग आहेत. हिवाळ्याची आणि वसंताची सुट्टी प्रत्येक विभागाला वेगळ्या आठवड्यांत असते. मैत्रीण दुसऱ्या विभागात असेल तर आधी तारखा जुळवा, मग तिकीट काढा.

रविवार जपून वापरा. लहान गावांत दुकानं बंद, बस जवळजवळ नाहीच. वेझलेचं प्राचीन चर्च पाहण्यासारखं आहे, पण रेल्वे स्टेशन तिथून दहा किलोमीटरवर. बूर्जचं कॅथेड्रल पाहून परतताना संपामुळे माझी संध्याकाळची गाडी रद्द झाली आणि सोमवारी सकाळी आठला तास होता. एका अनोळखी कुटुंबाच्या गाडीत भाडं वाटून घेऊन रात्री परतले. संप असला तर कोणत्या गाड्या धावणार ते आदल्या संध्याकाळी जाहीर होतं. ते पाहिल्याशिवाय निघू नका आणि परतीसाठी शेवटची गाडी कधीच धरू नका.

पण मला विचाराल तर सगळ्यांत चांगले रविवार लांबचे नव्हतेच. नेव्हेरपासून थोड्या अंतरावर आलिए नदी ल्वारला मिळते. शाळेतल्या एका शिक्षिकेनं मला कुटुंबासोबत तिथं नेलं. वाळूची बेटं, संथ रुंद पाणी... पांझरा तापीला मिळते ते आपलं मुडावद मी त्यांना फोनवर दाखवलं. मग तिची आई संगमांबद्दल, देवळांबद्दल विचारत राहिली आणि माझं फ्रेंच त्या दिवशी जेवढं सुटलं तेवढं पॅरिसच्या कुठल्याही फेरीत सुटलं नव्हतं. कोणी जेवायला बोलावलं तर पॅरिसचं तिकीट बाजूला ठेवून जा. मांस खात नसाल तर आधी स्पष्ट सांगा, कोणी वाईट मानत नाही.

डिसेंबरात सकाळी साडेआठपर्यंत अंधार असतो. खानदेशच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तो जड जातो, शुक्रवारनंतर खोलीत एकटं बसून राहू नका. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. आई-वडील झोपलेले असतात. दुपारी एकला, शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करा.

निघताना एवढं करा. सामानासहित खोली सोडण्याची लेखी सूचना महिनाभर आधी नोंदणीकृत टपालानं द्या. खोली ताब्यात घेताना आणि सोडताना मालकासोबत भिंती, गादी, नळ पाहून दोघांच्या सहीचा कागद करा. सगळं ठीक असेल तर अनामत परत करायला मालकाला एक महिना असतो आणि तोवर तुम्ही घरी पोचलेल्या असता. म्हणून ती रक्कम जमा होईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.